वारंवार विमानप्रवास करणाऱ्यांनी क्रेडिट कार्डांची जुळणी कशी करावी

पुण्याहून महिन्यातून दोनदा दिल्ली किंवा बंगळुरूला जाणारा, वर्षातून एकदा-दोनदा परदेशवारी करणारा आणि घरखर्चाचीही बरीच देणी कार्डानेच भागवणारा नोकरदार किंवा व्यावसायिक डोळ्यांसमोर ठेवून हे मार्गदर्शन लिहिले आहे. अशा व्यक्तीला विमानतळावर, बँकेत आणि फोनवर कार्डे देऊ करणाऱ्यांची कमी नसते, आणि प्रत्येक जण आपलेच कार्ड सर्वांत उत्तम असल्याचे सांगतो. मात्र सर्व प्रकारच्या खर्चांत सरस ठरेल असे एकच कार्ड कोणतीही बँक काढत नाही. तिकिटांवर भरपूर माइल्स (पुढच्या तिकिटांसाठी वापरता येणारे गुण) देणारे कार्ड परदेशात महाग पडते, परदेशात स्वस्त पडणारे कार्ड घरखर्चावर फारसे काही देत नाही, आणि या दोन्ही बाबतींत चांगले असलेले कार्ड पुष्कळदा कोपऱ्यावरच्या दुकानात चालत नाही. म्हणून एकमेकांच्या उणिवा भरून काढणारी दोन, फार तर तीन कार्डे निवडावी लागतात, आणि ती निवड माहितीपत्रकावरून न करता स्वतःच्या खर्चाच्या नोंदींवरून करावी लागते. त्याची रीत येथे तपशिलाने मांडतो.

आधी वही, मग कार्ड

एखाद्या रविवारी गेल्या बारा महिन्यांची कार्डांची आणि बँक खात्याची विवरणपत्रे घेऊन बसावे आणि साध्या वहीत पाच रकाने आखावेत. पहिल्या रकान्यात विमानाची तिकिटे, दुसऱ्यात हॉटेल, तिसऱ्यात परकीय चलनात झालेला खर्च, चौथ्यात किराणा, ऑनलाइन खरेदी आणि बाहेरचे जेवण, आणि पाचव्यात असे खर्च, ज्यांवर बहुतेक कार्डे एकही पॉइंट देत नाहीत किंवा फारच थोडे देतात: घरभाडे, वीजबिल, विम्याचा हप्ता, इंधन, शासकीय भरणा, वॉलेटमध्ये टाकलेले पैसे, सोन्याची खरेदी. हा पाचवा रकाना लोक हमखास विसरतात. ‘माझा वर्षाचा खर्च अकरा लाख’ असे म्हणून त्यावर पॉइंटांचे गणित मांडतात, आणि वर्षअखेरीस हाती आलेले पॉइंट अपेक्षेपेक्षा कितीतरी कमी भरतात.

पहिल्या रकान्याबाबत एक प्रश्न स्वतःला अवश्य विचारावा: तिकिटाचे पैसे नेमके कोण भरते? कंपनीचा ट्रॅव्हल डेस्कच तिकीट काढत असेल, तर वर्षात चाळीस विमाने पकडूनही तुमचा पहिला रकाना रिकामाच राहतो. मग तिकिटांवर जादा माइल्स देणारे कार्ड तुमच्या उपयोगाचे नाही. तुम्हाला विमानतळावरील लाउंजचा प्रवेश आणि परदेशातील खर्चावरचे कमी शुल्क महत्त्वाचे. याउलट, तुम्ही स्वतः तिकीट काढून नंतर कंपनीकडून पैसे घेत असाल, तर तोच रकाना सर्वांत मोठा ठरतो. अशा वेळी एक नियम लक्षात ठेवावा. एका आर्थिक वर्षात कार्डांच्या बिलांपोटी एखाद्या बँकेकडे रोखीव्यतिरिक्त १० लाख रुपये किंवा त्याहून अधिक भरणा झाला, तर ती बँक त्याची माहिती प्राप्तिकर विभागाला कळवते. त्यात गैर काही नाही, परंतु कंपनीच्या परताव्याच्या पावत्या जपून ठेवलेल्या असाव्यात, म्हणजे विचारणा झाल्यास उत्तर हाताशी असते.

तिकीट कोठून काढले जाते, हेही वहीत लिहावे. कार्डाच्या यंत्रणेत प्रत्येक व्यापाऱ्याला चार अंकी वर्गीकरण क्रमांक असतो. विमान कंपन्यांचे क्रमांक वेगळे आणि प्रवास संस्थांचा ४७२२ हा वेगळा. बँक पॉइंट देताना हा क्रमांक पाहते, तुम्ही काय विकत घेतले हे पाहत नाही. त्यामुळे तेच तिकीट विमान कंपनीच्या संकेतस्थळावरून काढले तर जादा माइल्स मिळतात, आणि दोनशे रुपये वाचवण्यासाठी एखाद्या प्रवास संकेतस्थळावरून काढले तर साधे पॉइंट मिळतात, असे अनेक कार्डांच्या बाबतीत घडते.

पुढील गणितांसाठी एक नमुना घेऊ: तिकिटे २,४०,००० रुपये, हॉटेल १,२०,०००, परकीय चलनातील खर्च २,००,०००, रोजचा खर्च ३,००,००० आणि पॉइंट न देणारा खर्च २,४०,०००. एकूण ११ लाख. परंतु पॉइंटांच्या हिशेबात देशांतर्गत खर्चाचे केवळ ६,६०,००० रुपयेच धरायचे.

पॉइंटाची किंमत आपणच ठरवायची

शंभर रुपयांमागे किती पॉइंट मिळतात, या आकड्याला एकट्याने काही अर्थ नसतो. एका बँकेचा पॉइंट एक रुपयाचा, दुसरीचा पंचवीस पैशांचा. म्हणून पॉइंट किती मिळतात आणि एका पॉइंटाचे शेवटी काय होते, हे दोन्ही आकडे एकत्र पाहावे लागतात.

माइल्सची किंमत काढण्याची रीत सोपी आहे. समजा, एका तिकिटाची रोखीची किंमत १८,००० रुपये आहे आणि तेच तिकीट १२,००० माइल्स अधिक ३,६०० रुपये कर व आकार भरून मिळते. तर १८,००० मधून ३,६०० वजा केल्यावर उरलेल्या १४,४०० रुपयांना १२,००० ने भागले की एका माइलची किंमत १ रुपया २० पैसे येते. कर वजा करायला विसरू नये. काही विमान कंपन्या माइल्सच्या तिकिटावरही इंधन अधिभार इतका लावतात की, ‘फुकट’ तिकिटाला चांगलीच रोख रक्कम मोजावी लागते. आणखी एक सावधगिरी अशी की, बिझनेस क्लासचे दोन लाखांचे तिकीट माइल्सवर मिळाले म्हणून माइलची किंमत चार रुपये धरू नये. ते तिकीट तुम्ही रोखीने कधीच काढले नसते. जेवढे पैसे तुम्ही खरोखर मोजले असते, तेवढीच त्याची तुमच्यापुरती किंमत.

मी स्वतः हिशेबाला बसतो तेव्हा विमान कंपन्यांचा माइल ८० पैशांपेक्षा जास्त धरत नाही. त्याहून अधिक मिळाले तर आनंदच आहे, परंतु वार्षिक शुल्क भरावे की नाही हा निर्णय त्या आशेवर घेऊ नये.

मुख्य कार्ड

जुळणीतले पहिले कार्ड हे माइल्स किंवा पॉइंट जमा करण्याचे. यात ढोबळमानाने तीन धाटण्या दिसतात, आणि त्यांतील फरक नीट समजला की निम्मे काम झाले.

पहिली धाटणी बँकेच्या स्वतःच्या पॉइंटांची, जे बँकेच्याच प्रवासदालनातून (ऑनलाइन पोर्टलवरून) तिकिटासाठी वापरायचे असतात. एचडीएफसी बँकेचे इन्फिनिया हे याचे परिचित उदाहरण. त्यावर दीडशे रुपयांमागे ५ पॉइंट मिळतात आणि बँकेच्या स्मार्टबाय दालनातून विमान किंवा हॉटेल घेताना पॉइंट एक रुपयाचा धरला जातो, म्हणजे परतावा ३.३३ टक्क्यांचा. आपल्या नमुन्यातील ६,६०,००० रुपयांवर २२,००० पॉइंट होतात. दालनातून काढलेल्या तिकिटाच्या ७० टक्क्यांपर्यंतच रक्कम पॉइंटांनी भागवता येते, उरलेली कार्डाने भरावी लागते. हे कार्ड बँक आपणहून देऊ करते, त्यामुळे ते सर्वांना मिळत नाही. परंतु ही धाटणी सरळ आहे: माइल्सच्या तक्त्यांत डोके घालावे लागत नाही, इंडिगोपासून कोणत्याही कंपनीचे तिकीट चालते, आणि जागा उपलब्ध आहे की नाही याची वाट पाहावी लागत नाही.

दुसरी धाटणी विमान कंपन्यांच्या, नियमित प्रवाशांसाठीच्या सदस्यता कार्यक्रमांत हलवता येणाऱ्या माइल्सची. समजा, एखादे कार्ड विमान कंपनीच्या संकेतस्थळावरील तिकिटाला आणि थेट हॉटेलच्या बिलाला शंभर रुपयांमागे ५ माइल्स आणि इतर खर्चाला २ माइल्स देते, आणि बँकेचा एक माइल सहभागी विमान कंपनीकडे हलवल्यास तिचे दोन होतात. ॲक्सिस बँकेच्या ॲटलस कार्डाची रचना या धाटणीची आहे. आपल्या नमुन्यात तिकिटांवर १२,०००, हॉटेलवर ६,००० आणि रोजच्या खर्चावर ६,००० असे २४,००० माइल्स होतात; हलवल्यावर ४८,०००. माझ्या ८० पैशांच्या हिशेबाने ते ३८,४०० रुपयांचे भरतात. दिसायला हा आकडा पहिल्या धाटणीपेक्षा मोठा आहे. परंतु त्यासाठी तुम्हाला परदेशी विमान कंपन्यांचे कार्यक्रम समजून घ्यावे लागतात, माइल्सवर मिळणाऱ्या जागा महिनोन्‌महिने आधी शोधाव्या लागतात, आणि वर्षात किती माइल्स हलवता येतील यावर बँकेची मर्यादा असते. एकदा हलवलेले माइल्स परत बँकेकडे येत नाहीत, म्हणून जागा दिसल्यावाचून ते हलवू नयेत. काही कार्यक्रमांत माइल्सना मुदतही असते. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायरमधील माइल्स तीन वर्षांनी संपतात.

येथे आपल्या देशातील परिस्थितीचा विचार करावाच लागतो. देशांतर्गत प्रवासी वाहतुकीचा ६० टक्क्यांहून अधिक वाटा एकट्या इंडिगोकडे आहे आणि इंडिगो विमान कंपन्यांच्या कोणत्याही जागतिक आघाडीत नाही. एअर इंडिया ११ जुलै २०१४ पासून स्टार अलायन्स या आघाडीत आहे, त्यामुळे क्रिसफ्लायरसारख्या कार्यक्रमातील माइल्सवर तिची तिकिटे काढता येतात. म्हणजे तुमचे बहुतेक प्रवास पुणे-नागपूर किंवा मुंबई-गोवा अशा मार्गांवर इंडिगोने होत असतील, तर परदेशी माइल्सचा साठा तुम्हाला वर्षातून एकदाच, परदेशवारीच्या वेळी कामाला येईल. दर महिन्याच्या तिकिटांना पहिली धाटणीच बरी पडेल. वर्षातून दोनदा युरोप किंवा सिंगापूरला स्वखर्चाने जाणाऱ्याचे उत्तर याच्या बरोबर उलट येईल.

तिसरी धाटणी एकाच विमान कंपनीशी जोडलेल्या सहनाममुद्रित कार्डांची. त्यांच्याबद्दल मी अधिक सावध आहे, आणि त्याचे कारण इतिहासात आहे. किंगफिशरची उड्डाणे ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली. जेट एअरवेजचे शेवटचे विमान १७ एप्रिल २०१९ च्या रात्री उडाले. तिचा माइल्सचा कार्यक्रम स्वतंत्र कंपनीकडे असल्यामुळे तो पुढे इंटरमाइल्स या नावाने चालू राहिला, परंतु ज्या विमानांसाठी लोकांनी माइल्स साठवले ती विमाने राहिली नाहीत. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, तिच्या सदस्यांचे पॉइंट एअर इंडियाच्या कार्यक्रमात गेले, आणि वेगवेगळ्या बँकांनी काढलेली विस्ताराची कार्डे, ज्यांवर ठरावीक खर्चानंतर तिकीट मिळत असे, नव्या ग्राहकांना मिळेनाशी झाली. सहनाममुद्रित कार्ड घेऊच नये असे नाही. एकाच कंपनीने वर्षाला तीस-चाळीस उड्डाणे करणाऱ्याला जादा सामान, आवडीची आसने आणि वरच्या श्रेणीकडे जाणारे टप्पे यांचा खरा उपयोग होतो. फक्त ते जुळणीतले एकमेव पॉइंट देणारे कार्ड असू नये.

बँकेचे स्वतःचे पॉइंट तरी पूर्ण सुरक्षित असतात का? नाही. ॲक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डावर एके काळी महिन्याला एक लाख खर्च केला की २५,००० जादा पॉइंट मिळत, आणि पाच पॉइंटांचे चार माइल्स होत, म्हणजे दर महिन्याला २०,००० माइल्स. १ सप्टेंबर २०२३ पासून हा मासिक लाभ बंद झाला, पाच पॉइंटांचे दोनच माइल्स होऊ लागले आणि वार्षिक शुल्क १०,००० वरून १२,५०० रुपयांवर गेले. ज्यांनी दोन-तीन वर्षांनंतरच्या मोठ्या प्रवासासाठी पॉइंट साठवून ठेवले होते, त्यांच्या साठ्याची किंमत एका सूचनेने निम्म्यावर आली. म्हणून दीड वर्षापेक्षा अधिक काळाचा साठा करू नये, असे मी प्रत्येकाला सांगतो.

परदेशासाठीचे कार्ड

परकीय चलनात खर्च केला की बहुतेक कार्डे ३.५ टक्के मार्कअप (चलन बदलण्याचा जादा आकार) लावतात, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागून हा आकडा ४.१३ टक्क्यांवर जातो. आपल्या नमुन्यातील २ लाखांवर हे ८,२६० रुपये झाले. हा आकार विवरणपत्रात प्रत्येक व्यवहाराखाली लहानशी ओळ म्हणून येतो, त्यामुळे वर्षाची बेरीज केल्याशिवाय तो जाणवत नाही.

शून्य मार्कअपची कार्डे आता सहज मिळतात. आरबीएल बँकेचे वर्ल्ड सफारी हे या प्रकारातील सुरुवातीचे कार्ड, आणि फेडरल बँकेबरोबरचे स्कॅपिया हे वार्षिक शुल्काविनाचे. तरीही ‘शून्य’ या शब्दावर थांबू नये. ज्या कार्डावर मार्कअप २ टक्के, म्हणजे जीएसटीसह २.३६ टक्के आहे, पण परतावा ३.३३ टक्के आहे, ते कार्ड शेवटी जवळपास एक टक्का तुमच्याच पदरात टाकते. शून्य मार्कअप आणि शून्य परतावा असलेले कार्ड त्यापुढे थोडे मागेच राहते. परतावा आणि आकार यांची वजाबाकी करावी, आणि ती करताना परकीय खर्चावर पॉइंट मिळतात का, हे त्या कार्डाच्या अटींत आधी पाहावे.

परदेशात दुकानात किंवा हॉटेलात कार्ड पुढे केल्यावर यंत्रावर कधी कधी प्रश्न येतो: रक्कम स्थानिक चलनात घ्यावी की रुपयांत? रुपयांचा आकडा ओळखीचा असतो आणि थकलेल्या माणसाचे बोट तिकडेच वळते. परंतु रुपयांची निवड केली की विनिमयाचा दर दुकानदाराची बँक ठरवते, आणि तो जवळजवळ नेहमीच महाग असतो. शिवाय अशा व्यवहारावर इकडची बँकही पुष्कळदा वेगळा आकार लावते. नेहमी स्थानिक चलनच निवडावे. दिर्‌हॅम असतील तर दिर्‌हॅम, युरो असतील तर युरो. काउंटरवरील व्यक्तीने परस्पर रुपयांचे बटण दाबले असेल, तर सही करण्याआधी व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगावे.

निघण्यापूर्वी दोन कामे घरीच उरकावीत. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांमुळे नवीन कार्डावर परदेशातील व्यवहार सुरुवातीला बंद असतात आणि ते ग्राहकाने ॲपमधून स्वतः सुरू करायचे असतात. ते सुरू करून मर्यादाही ठरवून ठेवावी, आणि परतल्यावर पुन्हा बंद करावे. दुसरे काम मोबाइलचे. भारतीय संकेतस्थळावर तिकीट बदलायचे झाले तर ओटीपी भारतातल्याच क्रमांकावर येतो, म्हणून परदेशी सिम घेतले तरी आपले सिम फोनमध्ये राहू द्यावे आणि रोमिंगवर संदेश येतात याची खात्री करून घ्यावी.

प्रीपेड फॉरेक्स कार्डाबद्दलही लोक विचारतात. त्यावर भरलेली रक्कम परदेशी प्रेषणाच्या, म्हणजे देशाबाहेर पाठवलेल्या पैशांच्या, वार्षिक हिशेबात धरली जाते आणि ठरावीक मर्यादेनंतर तिच्यावर कर आधीच वसूल केला जातो. परदेशात असताना क्रेडिट कार्डाने केलेला खर्च मात्र जून २०२३ मधील सरकारी निर्णयानुसार त्या हिशेबाबाहेर ठेवला आहे. मुलांच्या शिक्षणाचे पैसे परदेशी पाठवणाऱ्या कुटुंबांना हा फरक उपयोगी पडतो.

अडीअडचणीचे कार्ड

तिसरे कार्ड हे वेगळ्या बँकेचे आणि वेगळ्या जाळ्याचे (नेटवर्कचे) असावे. मुख्य कार्ड अमेरिकन एक्स्प्रेस किंवा डायनर्स क्लबचे असेल, तर लहान हॉटेलात आणि टॅक्सीत ते नाकारले जाण्याची तयारी ठेवावी लागते, म्हणून सोबत व्हिसा किंवा मास्टरकार्ड हवेच. देशातल्या देशात रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येते, त्यामुळे विमानतळाबाहेरच्या वडापावच्या गाडीवरही क्यूआर कोड पाहून ते चालते. ६ सप्टेंबर २०२४ पासून बहुतेक बँकांना नवीन कार्ड देताना ग्राहकाला जाळ्याची निवड देणे बंधनकारक आहे. अर्जाच्या वेळी ती मागून घ्यावी.

या कार्डावर वार्षिक शुल्क असू नये आणि त्याची खर्चमर्यादा चांगली असावी. परदेशातील हॉटेल किंवा भाड्याची मोटार घेताना अनामत म्हणून मोठी रक्कम कार्डावर अडकवून ठेवतात, आणि ती सुटायला परतल्यावरही काही दिवस लागू शकतात. तेवढ्यात मुख्य कार्डाची मर्यादा संपली, तर परतीचे तिकीट बदलणेही अशक्य होते. हे तिसरे कार्ड पाकिटात न ठेवता सामानात वेगळ्या जागी ठेवावे.

लाउंजचे खरे मोल

लाउंजच्या मोहाने जितकी कार्डे घेतली जातात, तितकी दुसऱ्या कशानेही घेतली जात नसतील. पहाटे पावणेपाच वाजता मुंबईच्या टर्मिनलवर मी रांगेतून लाउंजच्या मेजापर्यंत पोहोचलो. मेजावरच्या मुलीने कार्ड यंत्रात घातले, दोन रुपयांचा व्यवहार नाकारला गेला, तिने पुन्हा घातले, पुन्हा तेच. ती अतिशय सौजन्याने म्हणाली, ‘‘सर, या कार्डावर या तिमाहीत प्रवेश लागू नाही.’’ आधीच्या तिमाहीत मी तो सगळा खर्च दुसऱ्या कार्डावर केला होता आणि बँकेने घातलेली खर्चाची अट पूर्ण झाली नव्हती. तीन कार्डे सोबत असूनही मी बाहेर इडली घेऊन बसलो.

अशी अट आता अनेक कार्डांवर आहे. आयसीआयसीआय बँकेने नोव्हेंबर २०२४ पासून अनेक कार्डांवर मागील तिमाहीतील खर्चाची अट ३५,००० वरून ७५,००० रुपयांवर नेली. ॲक्सिसने त्याच वर्षी १ मेपासून अनेक कार्डांवर मागील तीन महिन्यांत ५०,००० ची अट घातली. कार्डांची संख्या वाढवली की खर्च विभागला जातो आणि एकाही कार्डाची अट पुरी होत नाही, हे जुळणी करताना ध्यानात घ्यावे. लाउंजसाठी एकच कार्ड ठरवावे, शक्यतो मुख्यच, आणि त्यावर जोडीदारासाठी घेतलेल्या पूरक कार्डाला प्रवेश आहे का, सोबतच्या पाहुण्याचे पैसे लागतात का, हे लेखी पाहावे. आई-वडिलांना घेऊन प्रवास करणाऱ्यांना या दोन प्रश्नांची उत्तरे पॉइंटांपेक्षा महत्त्वाची वाटतील.

हिशेबात लाउंजची एक भेट मी ४०० रुपयांची धरतो, कारण ती मिळाली नसती तर मी चहा-नाश्त्यावर तेवढेच खर्च केले असते. माहितीपत्रकात छापलेली किंमत धरली की कोणतेही शुल्क वसूल झालेले दिसते.

अर्जाचा क्रम आणि बिलाची शिस्त

तीन अर्ज एकाच आठवड्यात करू नयेत. प्रत्येक अर्जाबरोबर बँक तुमच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या पतमाहिती संस्थेकडे चौकशी करते आणि लागोपाठच्या चौकशांमुळे तुमचा पतगुणांक खाली येतो. पगाराचे खाते असलेल्या बँकेपासून सुरुवात करावी, सहा महिने नियमित वापर दाखवावा, मग दुसरे कार्ड मागावे. पतमाहिती संस्थांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो, तो अर्जाआधी वाचून घ्यावा. एकूण मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत वापर राहिलेला बरा. महागडी तिकिटे एकाच महिन्यात आली तर बिलाच्या तारखेआधीच काही रक्कम भरून टाकावी.

या साऱ्या खटाटोपाचा पाया एकच आहे: दर महिन्याला संपूर्ण बिल भरणे. कार्डाचे व्याज महिन्याला साधारण साडेतीन ते पावणेचार टक्के, म्हणजे वर्षाला ४२ ते ४५ टक्के, आणि त्यावर पुन्हा जीएसटी. किमान रक्कम भरून उरलेली पुढे ढकलली की व्याज खरेदीच्या तारखेपासून लागते आणि नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. तीन टक्क्यांचा परतावा अशा एका महिन्यात संपतो. त्यामुळे सर्व कार्डांवर किमान रकमेऐवजी पूर्ण रकमेची स्वयंचलित वजावट लावून द्यावी, आणि ज्याला हे जमणार नाही त्याने माइल्सची कार्डे तूर्त घेऊ नयेत, असे मी मनापासून सांगतो. वर्षातून चार-पाचदाच विमानात बसणाऱ्यालाही या तीन कार्डांची गरज नाही. एक विनाशुल्क, शून्य मार्कअपचे कार्ड त्याला पुरते.

तिकीट क्रेडिट कार्डाने काढण्याचा एक लाभ पॉइंटांच्या पलीकडचा आहे. ३ मे २०२३ रोजी गो फर्स्टची उड्डाणे अचानक थांबली, तसे पुन्हा झाले, तर सेवा मिळाली नाही या कारणावरून कार्ड देणाऱ्या बँकेकडे व्यवहाराबद्दल विवाद नोंदवता येतो. त्यासाठी तिकिटाची प्रत, रद्द झाल्याचा संदेश आणि विमान कंपनीला केलेला पत्रव्यवहार सांभाळून ठेवावा आणि उशीर करू नये, कारण या प्रक्रियेला मुदत असते.

वर्ष भरत आले की

प्रत्येक कार्डाचे वार्षिक शुल्क ज्या महिन्यात लागते तो महिना वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा आणि त्याच्या दीड महिना आधी हिशेब काढावा. ५,००० रुपयांचे शुल्क जीएसटीसह ५,९०० होते, १२,५०० चे १४,७५०. त्या वर्षात प्रत्यक्ष वापरलेले पॉइंट, टाळलेला मार्कअप आणि लाउंजच्या भेटी एवढेच दुसऱ्या बाजूला मांडावे. साठलेले पण न वापरलेले पॉइंट मांडू नयेत. शुल्कमाफीसाठी खर्चाची अट थोडक्यात चुकत असेल, तर विम्याचा हप्ता त्या कार्डावर भरण्याचा मोह होतो; मात्र अशा खर्चांना काही बँका अटीच्या बेरजेतूनही वगळतात, म्हणून आधी नियम वाचावा. बेरीज जमत नसेल, तर बँकेला फोन करून शुल्कमाफी किंवा कमी शुल्काच्या कार्डात बदल मागावा. अनेकदा तो मिळतो.

न मिळाल्यास कार्ड बंद करावे. बंद करण्यापूर्वी पॉइंट वापरावेत किंवा हलवावेत, त्या कार्डावरील स्वयंचलित देणी दुसरीकडे वळवावीत, आणि येऊ घातलेला तिकिटाचा परतावा जमा झाल्याची खात्री करावी. मग लेखी विनंती पाठवून तिचा क्रमांक जपावा. थकबाकी नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करणे रिझर्व्ह बँकेच्या २१ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार बँकेवर बंधनकारक आहे, आणि त्यानंतरच्या प्रत्येक दिवसासाठी ग्राहकाला ५०० रुपये द्यावे लागतात. कार्ड बंद झाल्याचा संदेश आला की पुढच्या महिन्यात पतमाहितीच्या अहवालात तशी नोंद झाली आहे का, तेही पाहून घ्यावे.